रायगडच्या सरपंच-नगराध्यक्षांना खुले पत्र: सिनेगॉग जाण्याआधी एक ठराव करा

प्रति,
नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, सरपंच, सदस्य आणि ग्रामसेवक,
रायगड जिल्ह्यातील सर्व नगरपरिषदा व ग्रामपंचायती

विषय: बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठीभाषक यहुदी समाजाची सिनेगॉग (प्रार्थनास्थळं) आणि दफनभूमी यांची नोंद व जपणूक

स.न.वि.वि.

मांडव्याची रो-रो सुरू झाली, अटल सेतू झाला, आता विमानतळही झाला. आपल्या जिल्ह्यात गुंठ्याचा भाव विचारायचा तर आधी बसून घ्यावं लागतं. अशा दिवसांत गावाच्या मधोमध कुलूप लागलेली एक जुनी वास्तू आणि गावाबाहेर झाडीत बुडालेली कबरींची जागा, या दोन मिळकतींवर कुणाची नजर जाणार नाही असं समजणं भोळेपणाचं ठरेल. हे पत्र त्या दोन मिळकतींबद्दल आहे.

मागणी आधीच सांगतो, म्हणजे ज्यांना वेळ नाही त्यांनी पुढचं वाचलं नाही तरी चालेल. आपल्या हद्दीत बेने इस्रायलांचं सिनेगॉग किंवा दफनभूमी असेल, किंवा होती असं जुनी माणसं सांगत असतील, तर येत्या ग्रामसभेत वा सर्वसाधारण सभेत तिची नोंद घेणारा ठराव करा. जागा कुठे, चतुःसीमा काय, मालकी कोणाची, आज अवस्था काय. बस्स. निधी मागत नाही, समिती मागत नाही, उद्घाटनाला मंत्रीही नको.

आता ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी.

रेवदंडा १८४२, अलिबाग १८४८, पनवेल १८४९, पेण १८६३. एवढ्या वीस-एकवीस वर्षांत आपल्या चार गावांत चार सिनेगॉग उभी राहिली. पुढे अष्टमी, म्हसळा, बोर्ली, नांदगाव, पोयनाड, आंबेपूर इथंही प्रार्थनास्थळं झाली. मुंबई वगळली तर महाराष्ट्रात इतक्या दाटीनं सिनेगॉग दुसरीकडे कुठे नाहीत. पुण्याचं लाल देऊळ प्रसिद्ध आहे खरं, पण ते बगदादहून आलेल्या ससून घराण्याच्या पैशाचं. आपल्याकडची बांधली ती इथंच घाणा चालवणाऱ्या, शेती करणाऱ्या, पलटणीत शिपाई म्हणून गेलेल्या माणसांनी.

ही माणसं कोण, हे नव्या पिढीतल्या सदस्यांना माहीत असेलच असं नाही, म्हणून थोडक्यात. समाजाची परंपरा सांगते, की खांदेरी-उंदेरीजवळ एक गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचून नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. समुद्रानं बाहेर टाकलेली प्रेतं तिथंच पुरली. नवगावला आज त्यांचं स्मारक आहे. वाचलेल्यांनी तेलाचे घाणे घातले. शनिवारी ते घाणा जुंपत नसत, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणू लागलं. हे गलबत नेमकं केव्हाचं, यावर इतिहासकारांचं एकमत नाही. कुणी इसवी सनापूर्वीचं म्हणतो, कुणी पुष्कळ नंतरचं. तेव्हा उद्या फलक लावायची वेळ आलीच, तर ‘दोन हजार वर्षांपूर्वी’ असं ठोकून देऊ नका. ‘परंपरेनुसार’ हा शब्द घाला. आपल्याकडे प्रत्येक फलकावर शतकं वाढवायची हौस आहे, ती इथं आवरावी.

आडनावांची यादी मात्र कुणी नाकारू शकत नाही. किहीमचे केहिमकर, नवगावचे नवगावकर, झिराडचे झिराडकर, पेझारीचे पेझारकर, चौलचे चेऊलकर, राजपुरीचे राजपूरकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, पेणचे पेणकर. अशी शंभरावर आडनावं आहेत, आणि त्यातली बहुतेक तुमच्या मतदारयाद्यांतल्या गावांची आहेत. हिंदी सिनेमात आयुष्यभर प्रेमळ काका-चाचा रंगवणारा डेव्हिड म्हणजे डेव्हिड अब्राहम चेऊलकर. वरळीहून महालक्ष्मीकडे जाताना डॉ. ई. मोझेस मार्ग लागतो, ते एलिया मोझेस राजपूरकर, १९३७-३८ साली मुंबईचे महापौर होते. मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख राहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरुशा झिराड यांच्या आडनावात तर आपलं झिराड जसंच्या तसं आहे.

सिनेगॉग बांधण्याआधी शतकानुशतकं या माणसांकडे प्रार्थनेची वास्तूच नव्हती. हिब्रू विसरली होती. शिल्लक होता तो ‘शेमा’चा एक मंत्र, आठव्या दिवशीची सुंता, शनिवारची विश्रांती, आणि पंख-खवले असलेलाच मासा खायचा हा नियम. बाकी सगळं घरात, अंगणात. काझी म्हणून मान असलेली झिराडकर, राजपूरकर, शापूरकर ही घराणी होती. ती गावोगाव फिरून लग्नं लावत, तंटे मिटवत. ग्रंथ नव्हते. सणांची हिब्रू नावं विसरून मराठी नावं पडली होती, आणि ती अशी की ऐकताच स्वयंपाकघर डोळ्यांसमोर यावं: नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपवासाला दारं लावून बसायचं म्हणून दरफळणीचा सण, आणि दुसऱ्या दिवशी शिळा सण. वालाच्या बिरड्यावर जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचं दुःख पाळणारी माणसं जगात दुसरीकडे सापडायची नाहीत.

मग एकापाठोपाठ एक घडलं. मुंबईला कंपनी सरकारच्या पलटणीत नोकरी लागली. दिवे गावचे सॅम्युएल इझिकेल दिवेकर, गावात सामाजी हसाजी, हे पलटणीतले अधिकारी टिपूच्या कैदेतून सुटून आले आणि १७९६ साली त्यांनी मुंबईत मांडवी भागात समाजाचं पहिलं सिनेगॉग बांधलं. कोचीनहून यहुदी गुरुजी आले, त्यांनी प्रार्थना म्हणायला शिकवल्या. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा होता, झालं उलटं: जुना करार मराठीत वाचायला मिळाल्यावर बेने इस्रायल अधिक पक्के यहुदी झाले. पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनेची एकेक पोथी मराठीत आणली. मुंबईत शिकलेली, पलटणीत सुभेदार-जमादार झालेली माणसं सुटीला, पेन्शनीवर गावी येऊ लागली. हातात रोख पैसा होता, डोळ्यांसमोर मांडवीचं सिनेगॉग होतं. रेवदंड्याची वास्तू त्या काळातली आहे.

या वास्तूंना मनोरे नाहीत, घुमट नाहीत. बाहेरून पाहिलं तर एखाद्या सुखवस्तू खोताचं घर वाटावं. आत मधोमध कठड्यानं वेढलेला लाकडी चौथरा, त्याला तेबा म्हणतात. त्यावर उभं राहून हज्जान प्रार्थना म्हणतो. पश्चिमेच्या भिंतीत हेखाल, म्हणजे तोरा या धर्मग्रंथाच्या गुंडाळ्या ठेवायचं कपाट, समोर पडदा आणि वर अखंड दिवा. पश्चिमेला का, तर आपल्याकडून जेरुसलेम त्या बाजूला. युरोपातले यहुदी पूर्वेकडे तोंड करून प्रार्थना करतात, आपले अरबी समुद्राकडे. बायकांसाठी सज्जा. एक खुर्ची संदेष्टा एलियाहूची, ज्याच्या साक्षीनं बाळाची सुंता होते. कारभारही आपल्या गावगाड्यासारखाच. मुकादम समाजाचा प्रमुख, चौगुला त्याचा हाताखालचा, गबाई पैशाचा हिशेब ठेवणारा, शमाश झाडलोट आणि दिवाबत्ती पाहणारा. दंड आकारले जात, वाद मिटवले जात.

सगळं गोडगोड होतं असं मात्र लिहू नका. समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ इस्रायल असा भेद होता. आई-बापांपैकी एक बाहेरचा असलेल्यांच्या वंशजांना काळे म्हणत. त्यांच्याशी रोटी-बेटी टाळली जाई, सिनेगॉगमध्येही मानपान वेगळा असे. गावाची जात त्यांच्यातही शिरली होती. आपण आपलाच इतिहास लिहितो आहोत, त्यात हेही आलं पाहिजे.

आणि मलीदा. गोड पोहे, खोबरं, सुका मेवा, पाच फळं, एका ताटात. मुलाचं बारसं असो की नवस फेडायचा असो, एलियाहू हानाबीचं नाव घेऊन मलीदा करायचा. अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या कातळावर एलियाहूच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापांची खूण आहे अशी श्रद्धा आहे. जाताना तिथून तो स्वर्गात गेला. तिथल्या वार्षिक यात्रेला ते उरूसच म्हणत. हिब्रू संदेष्टा, फारसी-अरबी वळणाचा उरूस, ताटात कोकणचे पोहे. १८८०च्या सुमारास तर त्यांनी कीर्तनं सुरू केली. अब्राहम, मोशे, दावीद यांची आख्यानं, पूर्वरंग-उत्तररंगासह, मराठी चालींवर. आपल्या हरिदासांकडून त्यांनी हे उचललं. आज आपल्या गावातल्या किती कीर्तनकारांना हे ठाऊक आहे?

हे सगळं गेलं कसं, तेही सांगावं लागेल, नाहीतर ‘ते लोक इस्रायलला गेले’ या एका वाक्यात विषय संपतो. इस्रायल १९४८ साली झालं. पण गावं त्याआधीच रिकामी होऊ लागली होती. गिरण्यांचं तेल आणि रॉकेल आलं, घाणे थांबले. रेल्वे, पोस्ट, कस्टम, सरकारी कचेऱ्या, दवाखाने, सगळं मुंबईला. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात वीस हजारांच्या आसपास बेने इस्रायल होते. त्यातले बहुतेक मुंबईत राहायचे आणि गावी सणाला यायचे. त्यानंतर लोक इस्रायलमध्ये लोद, रमला, दिमोना, बेर शेवा, अश्दोद इथं जाऊन वसले. तिथंही सुखासुखी झालं नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या धर्माधिकाऱ्यांनी लग्नाआधी यांच्या आईकडच्या पिढ्या तपासा असा फतवा काढला, त्यावर धरणे-मोर्चे झाले, आणि १९६४ साली सरकारनं हे सर्वार्थानं यहुदी आहेत असं जाहीर केल्यावर ते शमलं. इथं शनवार तेली म्हणून वेगळे, तिथं काळे-सावळे भारतीय म्हणून संशयित. तरी तिथून त्यांनी ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

गावात मागे राहिलेल्या घरांची अडचण अशी, की यहुदी सामुदायिक प्रार्थनेला तेरा वर्षांवरचे दहा पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. नऊ असतील तर तोराची गुंडाळी बाहेर काढता येत नाही. गावातलं एक कुटुंब मुंबईला गेलं आणि दहाचे नऊ झाले, की त्या दिवशी सिनेगॉग बंद पडतं. पाडावं लागत नाही, जाळावं लागत नाही. भिंती जागेवर, कौलं जागेवर, आणि प्रार्थना मात्र त्याच दिवशी संपते. रायगडातली बहुतेक सिनेगॉग अशी गेली आहेत. काही ठिकाणी सणावाराला मुंबई-ठाण्याहून माणसं गाड्या करून येतात आणि दहा भरतात. अलिबागच्या इस्रायल आळीतल्या मागेन आबोथ सिनेगॉगमध्ये अजून हालचाल आहे, पनवेलला आहे. बाकी ठिकाणी गुंडाळ्या काढून नेल्यावर उरते ती फक्त इमारत.

इमारत उरल्यावर काय होतं, याची दोन उदाहरणं देतो. दोन्ही आपल्या माणसांशी किंवा आपल्यासारख्या कार्यालयांशी संबंधित आहेत.

पहिलं कराचीचं. तिथल्या यहुदींत मोठा भाग आपल्या कोकणातून गेलेल्या मराठीभाषक बेने इस्रायलांचा होता. सॉलोमन डेव्हिड उमरडेकर या पालिकेतल्या सर्व्हेअरनं १८९३ साली तिथं मागेन शालोम सिनेगॉग बांधलं. मुलांनी ते पुढे वाढवलं. फाळणीनंतर, आणि इस्रायल-अरब युद्धांच्या काळात दंगली झाल्या तसा समाज पांगला. अखेर दहा पुरुष सोडा, दार उघडणारंही कुणी उरलं नाही. १९८८च्या जुलैत ती वास्तू पाडून तिथं दुकानांची इमारत झाली. आज कराचीत त्या माणसांची खूण शोधायची तर मेवाशाह कब्रस्तानात जावं लागतं. तुमच्यापैकी कुणी म्हणेल, पाकिस्तानात आणखी काय होणार. थांबा.

दुसरं उदाहरण केरळचं, आणि त्यातली आरोपी पंचायत आहे. त्रिशूर जिल्ह्यातल्या माळा या लहानशा गावचे यहुदी १९५५ साली इस्रायलला निघाले. जाताना त्यांनी सिनेगॉग आणि दफनभूमी लेखी करार करून, जपण्याच्या अटी घालून, गावच्या पंचायतीच्या हवाली केली. इतका विश्वास. पुढे काय झालं? सिनेगॉगची दर्शनी बाजू दुकानांनी झाकली, छप्पर खचत गेलं, दफनभूमीच्या काही भागावर क्रीडासंकुल आलं. गावातल्याच वारसाप्रेमी लोकांना स्वतःच्या पंचायतीविरुद्ध वर्षानुवर्षं भांडावं लागलं. तिथं दंगल नव्हती, द्वेष नव्हता. पाच-पाच वर्षांनी सदस्य बदलत गेले आणि करार कपाटात राहिला.

आणि त्याच केरळात, माळ्यापासून फार दूर नसलेल्या चेंदमंगलम आणि परावूर इथली सिनेगॉग राज्य सरकारनं मुझिरिस वारसा प्रकल्पात दुरुस्त केली, संग्रहालयं केली, आज शाळांच्या सहली तिथं जातात. तेव्हा माणसं गेली की वास्तू जाणारच, हे खरं नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. सिनेगॉगच्या मिळकती सहसा समाजाच्या विश्वस्त संस्थांच्या आहेत आणि त्या त्यांच्याच राहिल्या पाहिजेत. ठराव करा म्हणतो याचा अर्थ ताब्यात घ्या असा मुळीच नाही. उलट, माळ्याचं उदाहरण पंचायतीच्या ताब्याविरुद्धच जातं. पण महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० मधल्या कलम ३६ नुसार नोंदणीकृत विश्वस्त संस्थेची स्थावर मिळकत विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. तिथं हरकत घेता येते. ती हरकत घेणाऱ्याकडे गावाचा जुना ठराव असेल तर तिला वजन येतं, नसेल तर तो चार हौशी लोकांचा अर्ज ठरतो. बांधकाम परवानगीची फाइल तर तुमच्याच टेबलावर येते. त्या वेळी ‘आम्हाला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहू नये, एवढ्यासाठी हा ठराव हवा.

दफनभूमीचं काम जास्त तातडीचं आहे. सिनेगॉगला निदान भिंती असतात. दफनभूमीला कुंपण नसेल तर दरवर्षी शेजारचा बांध हातभर आत सरकतो, आणि कुणी कुणाला दोष देत नाही, कारण गावात त्यांचं कुणी उरलेलं नसतं. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर काय लिहिलंय ते पाहा. चुकीचं किंवा मोघम लिहिलेलं असेल तर दुरुस्तीला टाका. दगडांवर हिब्रूबरोबर मराठी मजकूर आहे, तो पावसानं दरवर्षी थोडा पुसतो. नववी-दहावीची मुलं दोन शनिवारांत तो उतरवून घेऊ शकतील. (दोन रविवारांत म्हणायला हवं होतं. शनिवारी त्या जागेत लिहायचं काम करणं त्या माणसांना रुचलं नसतं.) दगड रंगवू नका, चुना मारू नका, अक्षरं खडूनं भरू नका. फोटो काढा आणि नावं जशीच्या तशी लिहा.

आणखी एक गोष्ट तुमच्याकडेच आहे, दुसऱ्या कुणाकडे नाही. गावच्या मराठी शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, जन्म-मृत्यूच्या जुन्या वह्या, घरपट्टीच्या आकारणी याद्या, तहसीलातली मोडीतली दप्तरं. वाळवी धर्म पाहत नाही. त्यांत आबाजी, हसाजी, सामाजी ही नावं सापडतील आणि ते मराठे समजून आपण पुढं जाऊ. ते आबाजी म्हणजे अब्राहम, हसाजी म्हणजे इझिकेल, सामाजी म्हणजे सॅम्युएल असण्याचा संभव बराच आहे. हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ साली समाजाचा पहिला मोठा इतिहास लिहून काढला, तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षं हस्तलिखित पडून होतं. त्यानंतरचं गावोगावचं तपशिलातलं काम तुमच्या कपाटांत आहे. ती पानं स्कॅन करून विश्वस्तांना आणि जिल्हा ग्रंथालयाला एकेक प्रत दिलीत तरी दिमोनातल्या एखाद्या नातवाला पणजोबाचं घर कुठल्या आळीत होतं ते कळेल.

हरकती येतील, त्यांचाही विचार केला आहे. पहिली: हा राजकीय विषय आहे, इस्रायल म्हटलं की आज लगेच बाजू घ्याव्या लागतात. घ्या ना, ज्याला जी घ्यायची ती. पण रेवदंड्याचं सिनेगॉग इस्रायल नावाचा देश जन्माला येण्याच्या एकशे सहा वर्षं आधीचं आहे, अलिबागचं बरोबर शंभर. गाझात काय चाललंय याचा जाब शनवार तेल्यांच्या कबरींना विचारायचा नसतो, आणि कुणाच्या झेंड्यासाठी त्या कबरी वापरायच्याही नसतात. ठरावात दोन्हींपैकी काहीच येऊ नये.

दुसरी: पर्यटन वाढेल का? वाढेलही. पण ते पहिलं कारण होऊ देऊ नका. अलिबागला शनिवार-रविवारी आधीच गाडी हलत नाही. प्रार्थनास्थळासमोर ‘आय लव्ह’ छापाचे चमकते अक्षरफलक आणि रंगीत दिवे लावून जो वारसा जपला जातो, त्यापेक्षा कुलूप बरं. २००८ साली मुंबईत नरिमन हाउस या यहुदी केंद्रावर हल्ला झाल्यापासून यहुदी स्थळांवर बंदोबस्त असतो, अनोळखी माणसाला सहज आत सोडत नाहीत, आणि ते समजण्यासारखं आहे. वास्तू उघडायची की नाही, केव्हा, कुणासाठी, हे विश्वस्त ठरवतील. फलक लावायचा तर त्यांना विचारून, मराठी आणि हिब्रूत, आणि मजकूर त्यांना दाखवून.

तिसरी हरकत निधीची. २०१६ साली राज्य सरकारनं यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा त्या खात्याकडे मागणी जाऊ शकते. पण लोकसंख्या मोजून मिळणाऱ्या योजना इथं फारशा कामाच्या नाहीत. मेलेल्यांची लोकसंख्या कुठल्या रकान्यात धरत नाहीत. म्हणून म्हणतो, पैशापासून सुरुवात करू नका. मोजणीची फी, चार खांब आणि काटेरी तार एवढं तर कुठल्याही पंचायतीच्या स्वनिधीतून निघतं. राज्य संरक्षित स्मारक व्हावं असं वाटत असेल तर पुरातत्त्व संचालनालयाकडे स्वतंत्र प्रस्ताव पाठवा, त्याला वेळ लागेल, तो लागू द्या.

एक हरकत कुणी उघड घेणार नाही, पण मनात असेल. गावात त्यांचं एकही मत नाही, मग आपण का झिजायचं? याला माझ्याकडे तात्त्विक उत्तर नाही. माझं मत मात्र आहे, आणि ठराव झाला की नाही हे मी माहितीच्या अधिकारात विचारणार आहे.

ठरावाचा मसुदा सोपा आहे: ‘ग्रामपंचायत हद्दीत अमुक गट क्रमांकात बेने इस्रायल समाजाची दफनभूमी / प्रार्थनास्थळ असून त्याची मोजणी करून हद्द कायम करावी, त्याबाबत विक्री, बिनशेती वा बांधकामाचा कोणताही अर्ज आल्यास तो ग्रामसभेपुढे ठेवावा व संबंधित विश्वस्तांना लेखी कळवावे, पंचायतीच्या जुन्या दप्तरातील संबंधित नोंदींच्या प्रती काढून जतन कराव्यात.’ सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. विषयपत्रिका सात दिवस आधी निघते, त्यात हा विषय ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ मध्ये न ढकलता आपल्या क्रमांकानं घ्यावा, ही विनंती.

कळावे,
अलिबाग तालुक्यातील एक मतदार

प्रत माहितीसाठी: जिल्हाधिकारी, रायगड, धर्मादाय सह आयुक्त कार्यालय, संचालक, पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये, महाराष्ट्र राज्य